विश्लेषण : जीपीएस बिघडले, तर हॅम रेडिओची वारंवारता जागेवर राहील का?

नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा आल्याच्या किंवा खोटे संकेत मिळाल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. ही माहिती नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारने दिल्ली विमानतळाजवळही असे खोटे संकेत आढळल्याचे संसदेत मान्य केले. चर्चा साहजिकच विमानांची झाली. पण जीपीएस केवळ जागा सांगत नाही, ते वेळही सांगते. मोबाइलचे मनोरे, वीजवाहिन्यांचे जाळे आणि बँकांचे सर्व्हर त्या वेळेवर चालतात. या यादीत एक नाव सहसा घेतले जात नाही, ते म्हणजे हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ. ‘बाकी सगळे बंद पडले तरी आमचा संच बोलतो,’ ही या छंदाची जुनी ओळख. भूकंप, त्सुनामी, चक्रीवादळ अशा प्रसंगी ती खरीही ठरली आहे. मात्र गेल्या काही वर्षांत हॅम मंडळींच्या संचांत आलेली कमालीची अचूकता मोठ्या प्रमाणात जीपीएसकडून उसनी घेतलेली आहे. उसनवारी बंद झाली, तर काय उरते?

अचूकता आणि स्थिरता यांत फरक काय?

लोकल चुकू नये म्हणून मुंबईतल्या अनेक घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम पाच मिनिटे पुढे ठेवलेले असते. ते घड्याळ चुकीचे आहे, पण स्थिर आहे. चूक कायम पाच मिनिटांचीच असल्याने वजाबाकी केली की काम भागते. याउलट कधी तीन मिनिटे पुढे, तर कधी दोन मिनिटे मागे जाणारे घड्याळ सरासरीने जवळपास बरोबर असेल, पण त्याच्या भरवशावर कोणी लोकल पकडणार नाही. रेडिओ संचाचेही तसेच. पडद्यावर १४.०७४ मेगाहर्ट्झ दिसत असताना संच खरोखर किती वारंवारतेवर आहे, ही अचूकता. आणि तासाभराने, संच तापल्यावर किंवा पंखा लावल्यावर तो तिथेच राहतो का, ही स्थिरता.

मोजमाप ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग चूक, असे होते. एक पीपीएम म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ३१ सेकंद. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. रेडिओत मात्र ही चूक वारंवारतेच्या पटीत वाढत जाते. १४ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम म्हणजे १४ हर्ट्झ, १४५ मेगाहर्ट्झवर १४५ हर्ट्झ आणि १० गिगाहर्ट्झवर थेट १० किलोहर्ट्झ. पुढची सगळी गोष्ट या गुणाकाराची आहे.

संच भटकतो का?

जुन्या घरगुती संचांत वारंवारता ठरवण्याचे काम तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर करत. तापमान वाढले की तार किंचित प्रसरण पावे आणि स्टेशन सरके. तेव्हाचे हॅम संच सुरू करून अर्धा तास तापू देत आणि मगच बोलायला बसत. क्वार्ट्‌झचा स्फटिक आला आणि हे चित्र बदलले. विशिष्ट कोनात कापलेली क्वार्ट्‌झची चकती विजेच्या दाबाने कंप पावते आणि तिचा कंपनवेग तापमानानुसार फारच कमी बदलतो. साध्या स्फटिकाची चूक १० ते ५० पीपीएमच्या घरात असते. तापमानाचा परिणाम भरून काढणारी जोडणी दिली की त्याला ‘टीसीएक्सओ’ म्हणतात आणि चूक एक-दोन पीपीएमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. स्फटिक लहानशा तापवलेल्या डबीत कायम एकाच तापमानाला ठेवला, तर तो ‘ओसीएक्सओ’. तो आणखी शंभरपट स्थिर असू शकतो, पण वीज खातो आणि तापायला वेळ घेतो.

आज बाजारात मिळणारा आयकॉम आयसी-७३०० हा लोकप्रिय संच ०.५ पीपीएमच्या आत राहण्याची हमी देतो. यासूच्या एफटी-८१७ या छोट्या संचात मूळ आकडा ४ पीपीएम होता आणि ०.५ पीपीएमचा टीसीएक्सओ वेगळा विकत घ्यावा लागे. पुढच्या एफटी-८१८ मध्ये तो आतच बसवून आला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी तयार केलेल्या ‘बिटएक्स’ मालिकेतही हाच प्रवास दिसतो. सुरुवातीच्या आराखड्यांत गुंडाळीचा आंदोलक होता, नंतरच्या ‘मायक्रोबिटएक्स’मध्ये २५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चालणारी, संगणकी आज्ञेने वारंवारता बनवणारी चिप आली. त्या स्फटिकातली चूक एकदा मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरली की संच जागेवर येतो. स्वस्त संचाला महाग संचाच्या पंगतीत बसवणारी ही युक्ती आहे. मात्र ती अचूकता सुधारते, स्थिरता नाही. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी जुळवलेला संच पहाटे तसाच राहील, असे नाही.

एवढ्या अचूकतेची गरज कोणाला?

साध्या बोलण्याला ती फारशी नाही. एसएसबी पद्धतीत ५० हर्ट्झची चूक झाली, तर समोरच्याचा आवाज थोडा जाड किंवा चिरका येतो, इतकेच. गरज वाढली ती संगणकी पद्धतींमुळे. जो टेलर या अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञाला युग्म-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते स्वतः हॅम आहेत. त्यांनी २००८ मध्ये ‘डब्ल्यूएसपीआर’ (उच्चार ‘व्हिस्पर’) ही पद्धत आणली आणि २०१७ मध्ये स्टीव्ह फ्रँक यांच्यासह ‘एफटी८’. आज हॅम बँडवर सर्वाधिक गजबज याच एफटी८ ची असते.

व्हिस्परमध्ये चार स्वर असतात आणि दोन शेजारच्या स्वरांमधले अंतर जेमतेम दीड हर्ट्झ. एक संदेश जवळपास दोन मिनिटे चालतो आणि ऐकणारा कार्यक्रम केवळ २०० हर्ट्झच्या खिडकीतच शोध घेतो. १४४ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम चूक असेल, तर खिडकीच्या मध्यावर पाठवलेला संदेश तिच्या बाहेर पडतो. कोणी ऐकलेच नाही, असे पाठवणाऱ्याला वाटते. आणि संदेश चालू असताना संच तापून काही हर्ट्झ सरकला, तर खिडकीत असूनही तो ओळखता येत नाही.

गुणाकाराचा खरा चटका बसतो तो उपग्रहावर. कतारचा ‘एस-हेल २’ हा दूरचित्रवाणी उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये सुटला. त्यावर हौशी रेडिओसाठीही जागा राखलेली आहे. तिला हॅम ‘क्यूओ-१००’ म्हणतात. तो २५.९ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे आणि मुंबईतून नैऋत्य-पश्चिमेला क्षितिजापासून सुमारे ३३ अंशांवर येतो. ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचा पट्टा एका छताखाली आणणारी ही सोय भारतीय हॅमसाठी मोलाची आहे. उपग्रह खाली बोलतो १०,४८९.५ ते १०,४९० मेगाहर्ट्झवर. हे ऐकायला डिश टीव्हीच्या छत्रीवर असते ते साधे एलएनबी पुरते. एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा स्वस्त स्फटिक असतो आणि त्याला ३९० ने गुणून ९,७५० मेगाहर्ट्झ बनवले जातात. स्फटिकात ३० पीपीएम चूक असेल, तर एलएनबी जवळपास २९० किलोहर्ट्झ भलतीकडे असते. उपग्रहावरचा हा सगळा पट्टाच मुळी ५०० किलोहर्ट्झचा आहे! टीव्हीला याने फरक पडत नाही, कारण त्याची वाहिनी अनेक मेगाहर्ट्झ रुंद असते. हॅमचा आवाज मात्र तीन किलोहर्ट्झपेक्षाही अरुंद. त्यात एलएनबी गच्चीवर उन्हात. ढग आला आणि गेला की स्टेशन सरकते.

यावर अनेकांनी काढलेला उपाय म्हणजे एलएनबीतला स्फटिक काढून टाकायचा आणि त्याच्या जागी केबलने बाहेरून अचूक २५ मेगाहर्ट्झ द्यायचे. हे अचूक २५ मेगाहर्ट्झ येतात जीपीएसमधून.

जीपीएस वारंवारता कशी देते?

प्रत्येक जीपीएस उपग्रहात अणुघड्याळे असतात आणि जमिनीवरचे केंद्र ती सतत तपासते. चांगला ग्राहक त्या संकेतांतून दर सेकंदाला एक अचूक ठोका काढतो. ‘जीपीएसडीओ’ या पेटीत स्थानिक आंदोलकाची तुलना या ठोक्यांशी होते आणि तो पुढे-मागे झाला की त्याला हलकेच ओढून जागेवर आणले जाते. एकेक ठोका किंचित थरथरता असतो, म्हणून क्षणाक्षणाची स्थिरता स्थानिक स्फटिकाची आणि दिवसांची अचूकता उपग्रहाची, अशी ही भागीदारी. मोबाइल मनोऱ्यांतून निवृत्त झालेल्या अशा पेट्या जुन्या बाजारात आल्या आणि जी अचूकता पूर्वी प्रयोगशाळेत असे, ती घरच्या टेबलावर आली. अब्जात एकाहून कमी चूक, तीही काही हजार रुपयांत.

पण पेटीत अणुघड्याळ नसते. ते वीस हजार किलोमीटर उंचीवर असते आणि तिथून येणारा संकेत अत्यंत दुबळा असतो. तो दाबून टाकायला फार शक्ती लागत नाही. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळ एका वाहनचालकाने, मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून, गाडीत जॅमर लावला होता. त्याने विमानतळाच्या यंत्रणेत अडथळा आला आणि २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावण्यात आला.

दाबणे आणि फसवणे यांत एक मोठा फरक आहे. संकेत दाबला गेला, तर पेटीला कळते की उपग्रह दिसत नाहीत. ती दिवा लावते आणि स्वतःच्या स्फटिकावर चालू राहते. खोटा संकेत आला, तर दिवा लागत नाही आणि पेटी निष्ठेने खोट्यामागे जाते. त्यासाठी कोणी शत्रूच हवा, असेही नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना झालेल्या चुकीमुळे अनेक जीपीएस उपग्रहांनी जागतिक वेळेची दुरुस्ती सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची प्रसारित केली. ब्रिटनमध्ये दूरसंचार यंत्रणांत इशाऱ्यांच्या घंटा वाजल्या आणि डिजिटल रेडिओचे प्रसारण विस्कळीत झाले. ज्यांच्याकडे ताडून पाहायला दुसरे घड्याळ होते, त्यांनाच दोष कोणाचा हे लवकर उमगले.

अमृतसरच्या आकाशात जे घडते, ते पुण्यातल्या गच्चीवर घडत नाही, हेही सांगितले पाहिजे. असे अडथळे सरळ रेषेत पसरतात. उंचावरच्या विमानाला ते शेकडो किलोमीटरवरून लागतात, जमिनीवरच्या अँटेनाला सहसा नाही. धोका आज सगळ्यांना सारखा नाही. तो सीमाभागात आणि मोठ्या विमानतळांभोवती जास्त आहे.

उसनवारी थांबली तर किती बिघडेल?

उत्तर बँडवर अवलंबून आहे आणि ते अनेकांच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. जीपीएसडीओत चांगला ओसीएक्सओ असेल आणि तो दिवसाला अब्जात एक भाग सरकत असेल, तर जीपीएस गेल्यावर चोवीस तासांनी क्यूओ-१०० वर सुमारे १० हर्ट्झची चूक होईल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण स्वस्त पेटीत टीसीएक्सओच असतो. तिथे खोलीचे तापमान बदलल्याने ०.१ ते ०.५ पीपीएमचा फरक पडू शकतो, म्हणजे एलएनबीच्या पातळीवर एक ते पाच किलोहर्ट्झ. चालू संभाषण हातातून जाईल. हाच फरक १४ मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त सात हर्ट्झ आहे. आपत्तीच्या वेळी बोलणे प्रामुख्याने ७ आणि १४ मेगाहर्ट्झवर एसएसबीने किंवा जवळच्या अंतरात व्हीएचएफवर एफएमने होते. तिथे जीपीएस नसल्याने वारंवारतेचे काहीही बिघडत नाही. म्हणजे ‘सगळे बंद पडले तरी’ हा दावा आवाजापुरता आजही टिकतो.

ठेच लागते ती वेळेला. एफटी८ दर १५ सेकंदांच्या ठरलेल्या खणांत चालते आणि दोन्हीकडच्या संगणकांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. फरक दोन सेकंदांच्या आसपास गेला की संदेश ओळखले जाणे थांबते. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून दुरुस्त होत राहते म्हणून हे जाणवत नाही. २० पीपीएमचा साधा स्फटिक दिवसाला १.७ सेकंद भटकतो. इंटरनेट आणि जीपीएस दोन्ही नसतील, तर एक-दोन दिवसांत उत्तम वारंवारतेवर असलेला संच मुका होऊ शकतो. ज्या पद्धतीला सर्वांत कमी शक्ती लागते, तीच आधी बंद पडते, ही यातली अडचण.

ताडून पाहायला दुसरे घड्याळ आहे का?

आहे, आणि ते रेडिओवरच आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडोमधले ‘डब्ल्यूडब्ल्यूव्ही’ केंद्र १९२३ पासून प्रमाणित वारंवारता प्रसारित करते. आज ते २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झवर अणुघड्याळाच्या आधारे ऐकू येते. २०१८ मध्ये, पुढच्या आर्थिक वर्षाच्या अर्थसंकल्पात, सुमारे ६३ लाख डॉलर वाचवण्यासाठी ते आणि हवाईमधले केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव आला. ‘आता जीपीएस आहे, याची गरज काय,’ असाच सूर होता. हॅम मंडळींनी जोरदार विरोध केला, केंद्र वाचले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची शताब्दीही साजरी झाली. त्यानंतरच्या जीपीएसच्या बातम्या पाहता, ती बचत किती महाग पडली असती, हे वेगळे सांगायला नको.

लघुलहरींवरून येणाऱ्या या संकेताला मर्यादा आहे. तो आयनांबरावरून परावर्तित होऊन येतो आणि आयनांबर वर-खाली हलत असते, त्यामुळे १० मेगाहर्ट्झचा संकेत पोहोचेपर्यंत हर्ट्झच्या काही दशांशाने, कधी पूर्ण हर्ट्झाने सरकतो. म्हणजे तो जीपीएसइतका बारीक नाही. गंमत म्हणजे याच दोषाचा अमेरिकेतल्या हॅम आणि वैज्ञानिकांच्या ‘हॅमसाय’ गटाने उपयोग करून घेतला. ऑक्टोबर २०२३ आणि एप्रिल २०२४ च्या सूर्यग्रहणांत त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूव्हीचा संकेत किती सरकतो हे घरोघरी मोजले आणि सावलीखालच्या आयनांबराची हालचाल टिपली. मोजण्याचे साधन? जीपीएसडीओ. दोन घड्याळे एकमेकांना तपासू शकतात, तेव्हाच तिसरी गोष्ट कळते. मोठ्या सौरवादळात मात्र दोन्ही एकदम अडखळू शकतात. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची पेरणी थांबली आणि लघुलहरींवरही परिणाम झाला.

भारताची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा एकेकाळी ‘एटीए’ या नावाने अशी प्रमाण वारंवारता लघुलहरींवर प्रसारित करत असे. ती सेवा आता नाही. देशाचे नवे धोरण जाळ्यातून वेळ पोहोचवण्याचे आहे. अहमदाबाद, बेंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या वैधमापन प्रयोगशाळांतून भारतीय प्रमाण वेळ देण्याचा प्रकल्प आहे आणि ती वेळ वापरणे सक्तीचे करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला. बँका आणि दूरसंचार कंपन्यांसाठी हे योग्यच आहे, पण वीज आणि इंटरनेट तुटलेल्या गावात त्याचा उपयोग नाही. तिथे बसलेल्या हॅमला १० मेगाहर्ट्झवर सहज ऐकू येणारे प्रमाण केंद्र चीनचे ‘बीपीएम’ आहे. परकीय जीपीएसवरचे अवलंबन कमी करण्याची चर्चा होत असताना हा विरोधाभास नजरेत भरतो.

स्वदेशी ‘नाविक’चे काय? तिथली कहाणी घड्याळांनीच अडवली. २०१६ मध्ये पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये सुटलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये प्रथमच भारतीय बनावटीचे घड्याळ गेले. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ मात्र झडप न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही. सोडलेल्या ११ पैकी केवळ चार उपग्रह पूर्णपणे कार्यरत असल्याचे सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितले. जागा शोधण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. पण अँटेनाची जागा आधीच माहीत असेल, तर वेळ आणि वारंवारता काढायला तत्त्वतः एकही उपग्रह पुरतो. त्यामुळे दिशादर्शनासाठी तोकडे पडणारे नाविक वेळेसाठी दुसरे घड्याळ म्हणून आजही कामाचे ठरू शकते. जीपीएससोबत नाविकही घेणारे ग्राहक मिळू लागले आहेत, ते याच कारणासाठी पाहण्यासारखे आहेत.

घरच्या संचाची तपासणी कशी करतात?

त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. संच अर्धा तास सुरू ठेवून यूएसबी पद्धतीत ९.९९९ मेगाहर्ट्झवर लावला, की १० मेगाहर्ट्झच्या प्रमाण केंद्राचा स्वर बरोबर १,००० हर्ट्झवर दिसायला हवा. एफटी८ च्या कार्यक्रमातला पडदा तो दाखवतो. १,००७ दिसला, तर चूक ०.७ पीपीएम, आणि तीच १४४ मेगाहर्ट्झवर सुमारे १०० हर्ट्झ होईल. हाच आकडा सकाळी, दुपारी आणि रात्री वहीत लिहिला की स्थिरताही कळते. वेळेसाठी त्याच केंद्राचे सेकंदाचे ठोके आहेत. शिवाय एफटी८ च्या पडद्यावरचा ‘डीटी’ हा रकाना इतर स्टेशनांच्या तुलनेत आपले घड्याळ किती पुढे-मागे आहे ते सांगतो. सगळेच अर्ध्या सेकंदाने चुकलेले दिसले, तर बहुधा चुकलेले आपणच असतो. आणि जीपीएसडीओ असेल, तर त्याची अँटेना एक दिवस मुद्दाम काढून ठेवायची आणि वारंवारता कुठे जाते ते पाहायचे. पेटीत ओसीएक्सओ आहे की नुसता टीसीएक्सओ, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा त्या चोवीस तासांत जास्त नीट कळते.